डिफ-लॉक दाबून ट्रॅक्टर वळत नाही

प्रश्न

काका, मी धुळ्यात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट टीममध्ये (विद्यार्थ्यांनी स्वतः रेसकार बनवायची स्पर्धा) सस्पेन्शन माझ्याकडे आहे. पुढच्या महिन्यात पुण्याला तीन दिवसांचं व्हेईकल डायनॅमिक्सचं ट्रेनिंग आहे. टीमच्या फंडातून एकाचीच फी निघते. कॅप्टन दादा शेवटच्या वर्षाला आहे, त्यालाही जायचंय. माझ्या पप्पांचं सुरत हायवेवर व्हील अलायनमेंटचं दुकान आहे, पंचवीस वर्षं झाली. ते म्हणतात, ‘कॅम्बर-कास्टर शिकायला पुण्याला? त्यामां नवं काय शे?’ मागच्या स्पर्धेत आमची गाडी वळणावर सरळच जायला बघायची. डिझाइनच्या परीक्षकांनी रोल स्टिफनेस विचारला तेव्हा आम्ही एकमेकांची तोंडं बघत राहिलो. इंजिन ३९० मोटरसायकलचं आहे, डिफरन्शियल नाही, स्पूल आहे. मी मराठी मीडियमची, तीन दिवस सगळं इंग्रजीत डोक्यावरून जाईल अशी भीती वाटते. जाऊ का? आणि जाण्याआधी काय वाचू?
— स., धुळे

उत्तर

स., बेटा, जायचंच. पण लगेच बॅग भरायला घेऊ नकोस. हातात महिना आहे, आणि या महिन्यात तू काय करतेस त्यावर त्या तीन दिवसांची किंमत ठरणार आहे.

तुझ्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तू जाता जाता लिहून टाकलंस: डिफरन्शियल नाही, स्पूल आहे. डिफरन्शियल मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतं; स्पूलमध्ये दोन्ही एकत्र जखडलेली असतात. तिथूनच सुरुवात करू. पुण्याचं नंतर बघू.

तुमच्या नात्यागोत्यात कुणाकडे तरी ट्रॅक्टर असेलच. पावसाळ्यात काळ्या रानात एक चाक जागच्या जागी फिरायला लागलं की चालवणारा टाचेजवळचं डिफ-लॉकचं पेडल दाबतो. दोन्ही मागची चाकं एकत्र फिरतात आणि ट्रॅक्टर चिखलातून बाहेर येतो. आता तेच पेडल दाबलेलं ठेवून स्टिअरिंग फिरवलं तर? ट्रॅक्टर नाकासमोर चालत राहतो. शिरपूर-शिंदखेड्याकडच्या कुठल्याही सोळा वर्षांच्या पोराला हे ठाऊक असतं. तुमच्या रेसकारमध्ये ते पेडल कायमचं दाबलेलं आहे.

किती फरक पडतो त्याचा हिशोब कर. स्किडपॅडचं, म्हणजे स्पर्धेतल्या गोल फेऱ्यांच्या चाचणीचं, आतलं वर्तुळ १५.२५ मीटर व्यासाचं, बाहेरचं २१.२५. गाडी त्यांच्या मधून, साधारण नऊ मीटर त्रिज्येवरून जाते. तुमच्या मागच्या दोन चाकांत १.१५ मीटर अंतर आहे असं धरू. एका फेरीत बाहेरच्या चाकाने आतल्यापेक्षा २ × ३.१४ × १.१५, म्हणजे जवळजवळ सव्वासात मीटर जास्त चालायला हवं. गंमत अशी की वर्तुळ लहान असो की मोठं, हा फरक तेवढाच राहतो. लहान वर्तुळात तो थोडक्या वाटेत उरकावा लागतो, म्हणून जास्त बोचतो. स्पूल मात्र दोन्ही चाकांना एकच वेग देतो. मग आतलं चाक गाडीला पुढे ढकलतं, बाहेरचं मागे ओढतं, आणि दोघं मिळून गाडीचं नाक वळणाच्या बाहेर फिरवतात. पुढचे टायर बिचारे वळणाशीही झगडतात आणि मागच्या जोडीशीही.

आता तू विचारशील, मग गो-कार्ट कशी वळते? तिलाही डिफरन्शियल नसतंच. कार्टला भरपूर कास्टर असतो, म्हणजे पुढचं चाक ज्या अक्षावर वळतं तो मागे कललेला असतो. स्टिअरिंग फिरवलं की आतलं पुढचं चाक खाली ढकललं जातं आणि त्याच बाजूचं, म्हणजे आतलं मागचं चाक जमिनीवरून सुटतं. सुटलेल्या चाकाला कोण घासणार? इथे पप्पा कान टवकारतील बघ. कास्टर म्हणजे स्टिअरिंग आपोआप सरळ होण्यासाठी, एवढंच दुकानात लागतं. तो चाक उचलायच्या कामालाही येतो हे मलाही नोकरीला लागून तीन वर्षं झाल्यावर कळलं.

तेव्हा तुमच्या गाडीचा खरा प्रश्न असा: वळणात मागच्या आतल्या चाकावर किती वजन उरतं? आणि परीक्षकांनी विचारलेला रोल स्टिफनेस, म्हणजे वळणात कलायला गाडी किती विरोध करते, हे त्याच प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. तुम्हाला वाटलं त्यांनी अवघड काहीतरी विचारलं. ते तुमच्या दुखण्यावरच बोट ठेवत होते.

ड्रायव्हरसकट गाडी ३०० किलो धर. गुरुत्वमध्य जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर, ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर, पुढे-मागे सोयीसाठी १.२ मीटर. गाडी दीड जीने, म्हणजे गुरुत्वाच्या दीडपट बाजूच्या ओढीने, वळतेय. आतून बाहेर सरकणारं वजन = ३०० × १.५ × ०.३० ÷ १.२ = ११२.५ किलो. उभ्या गाडीत प्रत्येक बाजूला १५० होते. वळणात बाहेर २६२.५ आणि आत फक्त ३७.५ उरले. हा ११२.५चा आकडा स्प्रिंग बदलून हलत नाही, अँटी-रोल बार (डावी-उजवी बाजू जोडून कल रोखणारी दांडी) बदलूनही नाही. तो कमी करायचा तर गाडी बुटकी कर नाहीतर रुंद कर. तुझ्या हातात एवढंच की त्यातला किती भाग पुढच्या जोडीतून जाईल आणि किती मागच्या.

पुढे-मागे वजन निम्मं-निम्मं असेल तर मागच्या प्रत्येक चाकावर ७५ किलो येतात. सरकणारं वजन अर्धं मागून गेलं तर आतल्या मागच्या चाकावर १८.७५ किलो उरतात. तेच मागचा भाग ताठ करून ६५ टक्के मागून नेलं, तर उरतात जेमतेम दोन किलो. दोन किलोवर स्पूल काय घासणार! शिवाय पुढच्या जोडीत वजनाची वाटणी जास्त सारखी राहते, आणि टायरला ते मानवतं. कारण बैलावर दुप्पट ओझं टाकलं म्हणून तो दुप्पट ओढत नाही. टायरचंही तसंच असतं. वजन वाढतं तशी पकड वाढते खरी, पण त्या प्रमाणात नाही. म्हणून एकावर सगळं आणि दुसऱ्यावर काहीच नाही अशा जोडीपेक्षा सारखं ओझं वाहणारी जोडी जास्त पकड देते. व्हेईकल डायनॅमिक्सचा अर्धा संसार या एका गोष्टीवर उभा आहे.

(रोल सेंटर, अनस्प्रंग वजन हे सगळं मी वरच्या हिशोबात बाजूला ठेवलंय. ते पुण्याला शीक. ढोबळ आकडा आधी हातात असला की बारीक आकडा चुकला तर लगेच कळतं.)

आता पप्पांचं. ते बरोबर आहेत, आणि त्यांचं म्हणणं अपुरं आहे, दोन्ही एकदम. कॅम्बर (चाक उभ्यापासून किती कललंय), कास्टर, टो (वरून पाहिलं तर चाकं आत वळलीत की बाहेर) यांत त्यांना पुण्याचा कुणी नवीन काही सांगणार नाही. टायरवरून हात फिरवून ‘आतून खातंय, टो बाहेर गेलाय’ हे ते जितक्या पटकन सांगतील तितकं मला बावीस वर्षं टेस्टिंगमध्ये काढूनही जमत नाही. पण त्यांची गाडी मशीनवर उभी असते. उभ्या गाडीचा कॅम्बर आणि दीड जीने कलंडत चाललेल्या गाडीचा कॅम्बर यांत दोन-दोन अंशांचा फरक पडू शकतो. ट्रकवाल्याला त्याचं देणंघेणं नाही, तुला आहे. पुण्याला तू शिकायला जाणार ते चालत्या गाडीचं. हे पप्पांना असंच सांगून बघ. आणि सांगताना त्यांना एक काम दे, कारण या महिन्यात तुला त्यांच्याइतका उपयोगी माणूस सापडणार नाही.

काम असं: गाडीची मापं घ्यायची. कॅडमधली नाही. कॅडमधली गाडी तुम्ही बनवायची ठरवली होती. वेल्डिंग होऊन, ओढून-ताणून, ऐन वेळी बॅटरी हलवून जी उभी राहिली ती गाडी वेगळी.

आधी चार कोपऱ्यांचं वजन. त्यासाठी रेसिंगचे महागडे काटे लागत नाहीत. मार्केट यार्डात आडत दुकानांमधून सपाट इलेक्ट्रॉनिक काटे असतात. असे चार सारखे काटे एका रविवारी मागून आण. ते चारही एका पातळीत हवेत, नाहीतर सगळं व्यर्थ. पातळी बघायला गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी आण, पाणी भरून चारही काट्यांना लावून बघ, कमी असेल तिथे पत्र्याचे तुकडे घाल. सीटवर ड्रायव्हर बसलेला हवा, नसेल तर त्याच्याच अंगलटीचं पोरगं बसव. युरियाची गोणी ठेवायचा मोह होईल, पण गोणी ४५ किलोची आणि तिचं सगळं ओझं बुडाखाली. माणसाचे पाय पुढे पेडलपर्यंत गेलेले असतात.

चार आकडे आले की तिरक्या जोड्यांची बेरीज कर: पुढचं डावं अधिक मागचं उजवं, आणि उलट. दोन्ही बेरजा सारख्या नसतील तर गाडी डावीकडे एक वागेल आणि उजवीकडे दुसरं. डुगडुगणाऱ्या बाजेच्या एका पायाखाली चिपटी सारली की भार कुठल्या दोन पायांवर जातो ते आठव. स्प्रिंगची बैठक फिरवून तीच चिपटी काढायची किंवा घालायची असते. हे पप्पांना एकदा दाखवलंस की पुढचं तेच करतील, तुला हात लावू देणार नाहीत.

मग गुरुत्वमध्याची उंची. यात पोरं हमखास फसतात. रीत सोपी: डॅम्परच्या जागी ठोस रॉड लाव म्हणजे सस्पेन्शन हलणार नाही, मागची चाकं उचलून भक्कम ठोकळ्यांवर ठेव (नुसत्या जॅकवर अजिबात नको, आत माणूस बसलाय), पुढचे ब्रेक मोकळे ठेव, आणि पुढच्या काट्यांवर वजन किती वाढलं ते वाच. चाकाची त्रिज्या, अधिक (वाढलेलं वजन गुणिले व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) भागिले (एकूण वजन गुणिले गाडी कललेल्या कोनाचा टॅन), ही झाली उंची. पण १.५५ मीटर व्हीलबेसची गाडी मागून ३० सेंटिमीटर उचलली, चाकाची त्रिज्या २२ सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य ३० वर असला, तर पुढे वजन वाढतं किती? फक्त तीन किलो! काटा अर्ध्या किलोच्या पटीत दाखवत असेल तर उंचीत सव्वा सेंटिमीटरची चूक तिथेच आली. साठ सेंटिमीटर उचल, वजन साडेसहा किलोने वाढेल, चूक निम्म्यावर येईल. हा आकडा वहीत लिहिताना शेजारी ‘अधिक-उणे इतकं’ असंही लिही. डिझाइनच्या फेरीला हजारातले १५० गुण असतात, आणि आपला आकडा किती चुकू शकतो हे सांगणारी टीम परीक्षकांना क्वचित भेटते.

तिसरं, स्प्रिंग. तिच्यावर छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नकोस. ३५ न्यूटन प्रति मिलिमीटरची स्प्रिंग काट्यावर ठेवून वरून बरोबर १० मिलिमीटर दाबली तर काट्याने ३६ किलोच्या आसपास दाखवायला हवं. वर्कशॉपच्या ड्रिलिंग मशीनखाली, मशीन बंद ठेवून, हँडलने दाबता येते. मग मोशन रेशो. चाक दहा मिलिमीटर वर गेल्यावर स्प्रिंग आठ दबत असेल तर रेशो ०.८. चाकापाशी जाणवणारा ताठपणा काढताना ३५ ला ०.८ ने दोनदा गुणायचं. एकदा तरफेमुळे जोर कमी पोचतो म्हणून, आणि पुन्हा एकदा, स्प्रिंग मुळात कमी दबते म्हणून. २२.४ येतात. एकदाच गुणलंस तर २८, म्हणजे पंचवीस टक्के फुगलेला आकडा, आणि त्यावर बांधलेलं पुढचं सगळं गणित फुगलेलं. मी तपासलेल्या विद्यार्थ्यांच्या रिपोर्टांत ही चूक इतक्यांदा पाहिलीय की आता आधी तेच पान उघडतो.

आणि हा घे तुमचा रोल स्टिफनेस: २२,४०० न्यूटन प्रति मीटर, गुणिले ट्रॅकचा वर्ग, भागिले दोन. २२,४०० × १.२ × १.२ ÷ २ = १६,१२८ न्यूटन-मीटर प्रति रेडियन. ५७.३ ने भाग, अंशाला साधारण २८१. असाच मागचा काढ. दोन्ही जोडींना अँटी-रोल बार नसेल तर या दोघांच्या प्रमाणावरून कळेल की सरकणारं वजन कुणीकडून किती जातंय. एवढं उत्तर तुम्ही त्या दिवशी दिलं असतं तर परीक्षक पुढच्या प्रश्नाकडे वळले असते. पुढचा प्रश्न याहून अवघड असता, पण तो वेगळा आनंद आहे.

जमलं तर एक सकाळ गाडी चालवून बघा. कापसाचा हंगाम सरला की जिनिंगचं आवार मोकळं पडलेलं असतं; मालकाला कॉलेजचं पत्र द्या, सरांना बरोबर घ्या, अग्निशामक ठेवा, हेल्मेट आणि बेल्टशिवाय फेरी नाही, आणि वर्तुळाच्या बाहेरच्या बाजूला मोबाइल घेऊन कुणी उभं राहणार नाही हे ओरडून सांगा. खुंटी, दोरी आणि फक्कीने वर्तुळं आखा. फेरीची वेळ घ्या. त्रिज्या ९.१ मीटर धरली तर साडेपाच सेकंदांची फेरी म्हणजे १.२ जी, ५.१ सेकंदांची म्हणजे १.४. मग फक्त एक गोष्ट बदला, मागचा भाग ताठ करा किंवा टायरची हवा दोन पीएसआयने हलवा, आणि पुन्हा वेळ घ्या. एका वेळी एकच. आपल्याकडच्या उन्हात सकाळी सातची जमीन आणि अकराची जमीन या दोन वेगळ्या जमिनी असतात, तेव्हा सकाळच्या फेरीची तुलना दुपारच्या फेरीशी करू नका. शेवटी पुन्हा पहिल्या सेटिंगवर येऊन एक फेरी मारा. ती पहिल्यासारखी आली नाही तर मधलं सगळं रद्द.

हे सगळं एका कागदावर उतरव. पुढे-मागे वजन, उंची, ट्रॅक, व्हीलबेस, व्हील रेट (चाकापाशी जाणवणारा ताठपणा), टायरचं माप आणि हवा, फेरीच्या वेळा. खाली तीन प्रश्न. हा कागद घेऊन पुण्याला जा.

मी पहिल्यांदा असल्या ट्रेनिंगला गेलो तेव्हा कंपनीने पाठवलं होतं. कोरी वही घेऊन बसलो, दुसऱ्या दिवशी जेवणानंतर डुलक्या घेतल्या, जाड फाइल घेऊन परतलो. ती फाइल आजही अमळनेरच्या घरी माळ्यावर आहे, उंदरांनी तिचा माझ्यापेक्षा जास्त अभ्यास केलाय. चार वर्षांनी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा खिशात एका मिनीबसचे आकडे होते. जोरात ब्रेक लावला की ती एका बाजूला ओढायची, आणि ब्रेक तर दोन्हीकडे सारखे लागत होते. चहाच्या सुट्टीत शिकवणाऱ्यांपुढे कागद धरला. त्यांनी अर्ध्या मिनिटात विचारलं, ब्रेकमध्ये पुढचे पाटे पीळ खातात तेव्हा ड्रॅग लिंकचा, म्हणजे स्टिअरिंगचा जोर चाकाकडे नेणाऱ्या दांडीचा, बॉल कुठे जातो? पाटे पिळले की एक्सल थोडा फिरतो, बॉल सरकतो, आणि ड्रायव्हरने हात न हलवता स्टिअरिंग फिरतं. दीड महिना आम्ही ब्रेकच उघडून बसलो होतो. दोन्ही वेळा शिकवलेला मजकूर जवळपास तोच होता.

तेव्हा तीन दिवसांत सगळं समजून घ्यायचा अट्टहास नको. टायरचं सत्र मात्र डोळे उघडे ठेवून ऐक, स्लिप अँगल (टायर बघतो ती दिशा आणि प्रत्यक्ष जातो ती, यांतला कोन) आणि वजनानुसार बदलणारी पकड तिथेच कळते. वाचायचं असेल तर तेही टायरचंच वाच. विद्यार्थ्यांच्या टीमसाठी टायर टेस्ट कन्सॉर्शियम आहे, एकदा फी भरली की अमेरिकेत मशीनवर तपासलेल्या टायरांचे आकडे मिळतात. तुमच्या टीमने घेतले नसतील तर ट्रेनिंगच्या आधी ते घ्या. फक्त लक्षात ठेव, ते आकडे सँडपेपरसारख्या खरखरीत पट्ट्यावरचे असतात. रस्त्यावर तेवढी पकड मिळत नाही. साधारण दोन तृतीयांशावर आणून वापरायची रीत आहे, आणि तुमचा नेमका गुणक जिनिंगमधल्या त्या फेऱ्यांवरून निघेल.

इंग्रजीचं भय मला कळतं, मीही जिल्हा परिषदेच्या शाळेतला. पण या विषयातले शब्द चाळीसेक, आणि त्यातले निम्मे तू लहानपणापासून दुकानात ऐकतेयस. कॅम्बर, कास्टर, टो, किंगपिन, प्ले, बुश. तुझ्याबरोबर बसलेल्या पुण्या-मुंबईच्या पोरांनी ते पुस्तकात पाहिलेत, तू टायरच्या काळ्या हातांनी पाहिलेत. बाकीचे वीस या महिन्यात वहीच्या शेवटच्या पानावर देवनागरीत लिहून ठेव. भर वर्गात हात वर करायला जड जात असेल तर चहाच्या वेळी कागद पुढे कर. आकड्यांना मीडियम नसतं, आणि शिकवणारी माणसं स्वतःची गाडी मोजून आलेल्या पोरीला सोडत नाहीत, उलट तीच प्रश्न विचारत बसतात.

पप्पांशी बोलायला एक गोष्ट देतो, त्यांना आवडेल. वळताना आतलं पुढचं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त फिरवायचं, ही अकरमनची रचना त्यांच्या रोजच्या कामातली. ती मोटारीसाठी निघालीच नव्हती, घोडागाडीसाठी निघाली होती. म्युनिकच्या लँकेनस्पर्गर नावाच्या गाड्या बनवणाऱ्याने ती काढली, आणि १८१८ साली इंग्लंडमध्ये पेटंट घेतलं ते अकरमनच्या नावाने. नाव राहिलं पेटंटवाल्याचं. दुकानदाराला यातलं दुःख लगेच समजेल.

कॅप्टनचं. तू जा. तो मे महिन्यात पास होऊन निघून जाईल आणि शिकलेलं त्याच्याबरोबर जाईल. तुझ्याकडे अजून एक अख्खी गाडी आहे. पण हे त्याच्या पाठीमागे सरांकडून ठरवून घेऊ नकोस. त्याच्यासमोर बसून सांग, आणि बदल्यात परत आल्यावर तीन संध्याकाळी दुसऱ्या वर्षाच्या पोरांना शिकवायचं कबूल कर, लेखी. बहुतेक टीमची विद्या ‘फायनल-फायनल-नवीन’ नावाच्या फाइलीत कुणाच्या तरी पेनड्राइव्हवर असते आणि तो पेनड्राइव्ह नोकरीच्या गावी गेलेला असतो. त्याला राहवत नसेल तर मापं घ्यायला त्याला बोलाव, चार काटे उचलायला माणसं लागतातच.

फी टीमची आहे, म्हणून घरचा खर्च जाण्या-येण्याचा आणि दोन रात्रींचा. नात्यातलं कुणी पुण्यात असेल तर तिथे उतर, पप्पांना बरं वाटेल. स्वतःच्या खिशातून पूर्ण फी भरायची असती, तर मी आधी टायरचे आकडे घ्या आणि ट्रेनिंग पुढच्या वर्षी करा असं सांगितलं असतं. नोकरीसाठी म्हणून मात्र त्या सर्टिफिकेटवर भिस्त ठेवू नकोस. मी मुलाखती घेतल्यात, सर्टिफिकेट बाजूला सरकवून मी विचारायचो, तुमच्या गाडीचं वजन किती, आणि कुठल्या काट्यावर मोजलं?

काटे रविवारी संध्याकाळीच परत कर, सोमवारी यार्ड उघडायच्या आत. आणि देताना फडक्याने पुसून दे. ज्या काट्यावर मिरची-कांदा मोजला जातो त्यावर चेन-ऑइलचे डाग राहिले, तर पुढच्या वर्षीच्या टीमला आडत्या दारात उभं करणार नाही.